मावसबहिणीची नोकरी

मी आणि माझी मावसबहीण नांदेडात नातेवाइकांकडं राहून एकाच क्लासला टायपिंग शिकलो. मशीनही एकच, आळीपाळीनं बसायचो. परीक्षेत मला तिच्यापेक्षा जास्त गुण पडले. हे आधीच सांगते, कारण पुढं कित्येक वर्षं मला दुसरं काही आठवायचंच नाही.

त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाला. मावशीचं घर लातुरात, आमचं लोह्याजवळच्या खेड्यात. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीला कारकून हवे होते. मावसबहीण लगेच लागली. मला नांदेडला मुलाखतीचं बोलावणं आलं. गेले, तर दारातच शिपाई म्हणाला, "भरती बंद झाली बाई. वरून हुकूम आलाय."

सरकारकडं पैसा नव्हता. रेडिओवर रोज तेच, देशानं बाहेरून कर्ज घेतलंय, खर्च आवरायचाय, कारखान्यांची वाढ मंदावलीय. वडील ऐकत बसायचे. एकदा म्हणाले, "म्हंजे पोरीची नोकरी त्या कर्जात गेली म्हणा की."

त्यात पाऊस नाही. दुष्काळी कामावर मी आईसोबत रस्त्याची खडी फोडू लागले. उन्हाळ्यात मावसबहीण भेटायला आली. मनगटावर घड्याळ, पायात नवी चप्पल. तिनं माझे तळहात पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाणीसुद्धा सहन झालं नाही. घड्याळ माझं, चप्पल माझी, वर रडायचं तिनं?

"एकदा कचेरीत ये," ती जाताना म्हणाली. "साहेबांशी बोलून बघू."

मी गेले. भाड्याच्या इमारतीत कचेरी होती. शेजारी नव्या इमारतीचे नुसते खांब उभे, सळयांना गंज चढलेला. आत तिच्या बाजूची दोन टेबलं रिकामी. साहेब भले होते. म्हणाले, "पदं मंजूर हायत, पण भरायची न्हाईत. सरकारचं आधी व्याजात जातंय. उरलं तर आमच्याकडं."

दुपारी तिनं डबा उघडला. तिघांचं काम एकटीवर पडलं होतं. "मान वळत न्हाई बघ," ती म्हणाली. "लई वैतागले. सोडून द्यावी वाटतंय."

मला तिच्या दमण्याचाही हेवा वाटला. "मग सोड. मला बसू दे."

ती उठली आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बस. हे पत्र टाईप कर."

मी केलं. एकही चूक नाही. तिनं ते आत साहेबांकडं नेलं. त्यांनी वाचलं, सही केली आणि तिला म्हणाले, "आज लई सुबक केलंस."

ती हसत बाहेर आली. मी हसले नाही, उठलेही नाही.

"ऊठ की गं, कुणी येईल."

"येऊ दे."

शेवटी तिनंच दंडाला धरून उठवलं. लोह्याच्या बसमध्ये बसवून दिलं.

भरती पुन्हा उघडली तेव्हा माझं वय निघून गेलं होतं. पाऊस पडला, लग्न झालं, मी लोह्यात टायपिंगचा क्लास काढला. तिला बढत्या मिळत गेल्या. आजही आमचं येणं-जाणं आहे, एका ताटात जेवतो. क्लासच्या कितीतरी मुली नोकरीला लागल्या. पेढे घेऊन येतात, पाया पडतात. मी आशीर्वाद देते, मनापासून देते. पेढा मात्र अजून सहज उतरत नाही घशाखाली.