विरजण लावून गेलेली बाई

नेवाशात आमच्याकडे दूध घालणाऱ्या लंकाबाईला अक्षर येत नव्हतं, पण मासिकातल्या कादंबरीचं वेड मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्याहून तिलाच जास्त. अंक आला की मी ओट्यावर बसून वाचायची, ती चरवी बाजूला ठेवून ऐकायची. मग आमचा वाद रंगायचा आणि पुढची घरं दुधासाठी ताटकळायची.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात कादंबरीतली नायिका घर सोडून गेली. मी रडले. लंकाबाई शांतपणे म्हणाली, "ती परत येनार, बाई. कायमची जानारी बाई दुधाला विरजण लावून जात न्हाई. हिनं लावलंय."

विरजणाचं ते वाक्य मी नुसतं वाचून पुढे गेले होते. तिचं म्हणणं मी संपादकांना कळवलं आणि खाली माझं एकटीचं नाव घातलं.

पुढच्या अंकात नायिका परतली, पत्रही छापून आलं. संपादकांनी माझं कौतुक केलं होतं. लाज वाटायला हवी होती, मला आनंदच झाला. मी ते पान गाळलं, तर लंकाबाई म्हणाली, "लोकांची पत्रं ऱ्हायली की." मग पत्र वाचलं आणि नाव जामखेडच्या कुणा विजयमालेचं सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. "माझ्यासारखंच डोकं हाय की तिचं. तिला पत्र लिवा, बाई. म्हनावं, नेवाशात तुझी मैतरीन हाय."

मी लिहिलं.

दोन वर्षं झाली. चरवी उतरवताना ती अजून विचारते, विजयमालेचं उत्तर आलं का. मी नाही म्हणते. तेवढं एकच तिच्याशी खरं बोलते.