भाचीला उचलण्याची तयारी

माझ्या पोटात एक स्नायू आहे आणि तो काहीच काम करत नाही, हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं.

कळायला निमित्त झालं भाचीच्या लग्नाचं. माझी मोठी बहीण सायखेड्याला दिलेली. तिच्या सासरी अजून रीत आहे, नवरी बोहल्यावर चालत येत नाही. मामा तिला उचलून आणतो. मयुरीला सख्खा मामा मी एकटाच. मयुरी कॉलेजात कबड्डी खेळलेली, अंगानं भक्कम. आणि मी? नाशिक रोडच्या ऑफिसात पंचवीस वर्षं बसून फायली सरकवलेला माणूस! म्हणून महिनाभर आधी मी घरी रंगीत तालीम घेतली. गव्हाचं पन्नास किलोचं पोतं समोर ठेवलं, हाताला सवय व्हावी म्हणून त्याला बायकोचा शालू गुंडाळला (तिला न विचारता!), कमरेत वाकलो आणि जोर लावला. पोतं होतं तिथंच राहिलं. कंबर मात्र गेली.

फिजिओथेरपीच्या मॅडम वयानं माझ्या भाचीएवढ्याच. त्यांनी पोट दाबून पाहिलं, पाय उचलायला लावला आणि मान हलवली.

"काका, कमरेला आधार देणारा आतला स्नायू तुमचा वेळेवर जागाच होत नाही. त्यामुळे सगळा भार पाठीवर येतो."

"पण भाचीला उचलता येईल ना?"

"आधी पाय उचलू," मॅडम म्हणाल्या.

व्यायाम ऐकायला सोपा होता. उताणं झोपायचं. बीपीच्या मशीनचा पट्टा घडी करून कमरेखाली ठेवायचा आणि काटा चाळीसवर येईपर्यंत हवा भरायची. मग पोट हलकेच आत घ्यायचं, श्वास चालू ठेवायचा आणि एक पाय सावकाश वर. काटा चाळीसवर थांबला, तर स्नायू कामावर आहे. घसरला, तर साहेब झोपलेत! घरात आईचं जुनं काट्याचं मशीन होतंच. मशीन आईचं, त्यामुळे रोज व्यायामाला आईही मालकिणीच्या थाटात हजर.

हे सगळं ताईपासून लपवलं होतं. तिला कळलं असतं तर तिनं चांदवडच्या बाळूला, आमच्या चुलत भावाला, उभं केलं असतं. बाळू कांद्याची गोणी खांद्यावर टाकतो आणि वर गप्पाही मारतो! पण मयुरी जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी तिला मी उचलून आणलं होतं. आता बोहल्यावर तिला बाळू नेणार, हा विचार मला कमरेपेक्षा जास्त दुखायचा. ऑफिसात बसवेना, घरी उभं राहवेना. दिवसातून चारदा लग्नपत्रिका उघडून तारीख बघायचो. ती काही पुढे जात नव्हती.

लग्नाला पाच दिवस उरले. संध्याकाळी मी चटईवर उताणा, बायको सुनंदा गुडघ्यावर बसून काटा वाचतेय, आई शेजारी कांदा चिरतेय आणि डोळ्यांतून धारा.

"चाळीस! हां, धरा, धरा!" सुनंदा ओरडली.

"अरे, श्वास सोड!" आई.

"सोडला की काटा पडतो!"

"पडू दे! काट्यापायी जीव देशील का?"

तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. आईनं घाईघाईनं तो कट केला. म्हणजे तिला तसं वाटलं! बोट लागलं होतं हिरव्यावर. मग तिनं फोन व्यवस्थित कांद्याच्या ताटाला टेकवून उभा ठेवला. आता सायखेड्याच्या अंगणात ताईला काय दिसलं असेल, बघा. भाऊ जमिनीवर आडवा. भावजयीच्या हातात बीपीचं मशीन. आई रडतेय.

"अहो, पस्तीस! अहो, तीसवर आला!" सुनंदा किंचाळली.

"सुनंदा, आता नाही गं होत माझ्यानं..."

"असं बोलू नका! लग्न पाच दिवसांवर आलंय!"

इथं रेंज गेली.

ताईनं नंतर किती फोन केले ते आम्ही मागाहून मोजलं. सतरा! पण व्यायाम अर्ध्यात मोडायचा नाही आणि मन दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही, अशी मॅडमची ताकीद होती. म्हणून सुनंदानं आवाज बंद केला आणि मी डोळे मिटून दुसरा पाय सुरू केला. दोन्ही पायांच्या तीन-तीन फेऱ्या करायच्या होत्या आणि प्रत्येक फेरीनंतर पंधरा मिनिटं तसंच पडून राहायचं होतं.

तिसरी फेरी चालू असताना जिन्यात धडधड झाली. भाजीच्या पिकअपमधून ताई, दाजी, मयुरी आणि ताईच्या दोन जावा, सगळे एकदम दारात! मी डोळे मिटलेला, हात छातीवर. ताईनं असा हंबरडा फोडला की वरच्या मजल्यावरचे देशपांडे चपला न घालता खाली आले.

"बाजूला व्हा! कांदा हुंगवा त्याला!" दाजींनी ताटातला अख्खा कांदा बुक्कीनं फोडून माझ्या नाकाशी धरला. "डोळे उघडू राहिला! उघडू राहिला बरं का!"

"ताई, मी ठणठणीत आहे!" असं म्हणून मी ताडकन उठलो.

म्हणजे अर्धा उठलो. मॅडम महिनाभर ज्यांना जागं करत होत्या ते सगळे स्नायू एकदम कामावर हजर झाले आणि कोणीच सुटेना. मी हात-पाय टेकून चतुष्पाद! ना वर, ना खाली. मग आईनं सगळं सांगून टाकलं. पोतंही, शालूही. (शालूचं सुनंदालाही तेव्हाच कळलं. तो प्रसंग वेगळा.)

ताई चटईवर माझ्यासमोर बसली. "येडा हाय का रे तू? मला वाटलं, माझा भाऊ गेला. वाटेत तीन नवस बोलले मी. लाडक्या, सांगायचं नाय मला?"

"तू बाळूला सांगितलं असतंस," मी जमिनीकडे बघत म्हणालो. माझा आवाज रडका झाला होता, हे कबूल करतो.

"बाळूचं नाव कोणी काढलं? मामा तू हायेस. उचललं नाय तर नाय, हाताला धरून आण तिला."

"मामा, जरा हात गळ्यात टाका," मयुरी म्हणाली. आणि हातावर चार दिवसांनी मेंदी लागायची असलेल्या त्या पोरीनं मला उचलून पलंगावर ठेवलं. मी अठ्ठ्याहत्तर किलोचा आहे.

लग्नात मी सदऱ्याखाली कंबरदुखीचा पट्टा आवळून उभा होतो. माईकवरून पुकारा झाला, "नवरीचे मामा नवरीला घेऊन येत आहेत!" मयुरीचा हात धरला, पोट आत घेतलं आणि मोठ्या रुबाबात निघालो. मंडप लांबलचक होता. निम्म्या वाटेत कमरेत कळ आली, मी वाकलो आणि मयुरीनं शालूच्या आडून माझा दंड घट्ट पकडला. कुणाला दिसलं नसेल, असं वाटून मी पुन्हा छाती काढली. तोच बायकांच्या रांगेतून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

"अगं बया, नवरीच मामाला घेऊन येऊ राहिली!"