लोणारला जायचं तर आधी तळं

आईचं माहेर सुलतानपूर. तिथून लोणारचं विवर हाकेच्या अंतरावर, म्हणजे आमच्या आईच्या हाकेच्या. गाडीने वीसेक मिनिटं लागतात. मी लहान असल्यापासून ती सांगायची, "आमच्या तळ्याच्या पाण्यात हळद कालवली का कुंकू होते." आणि मी दर वेळी म्हणायचे, "काहीही काय गं!" यंदा डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं, तेव्हा ती म्हणाली, "त्याच्या आंधी एक डाव तळ्यात उतरतो. तुले दाखवतो." हळदीची छोटी डबी तिने पर्समध्ये टाकली. आणि मी, घरात जिला सगळे 'टाइमटेबल' म्हणतात, सहल आखायला बसले.

जानेवारीत निघालो. पुण्याहून जालन्याला मुक्काम, सकाळी देऊळगाव राजा. बालाजीचं दर्शन निवांत झालं, बाहेर गरम पोहे मिळाले. स्वतःची गाडी नसेल तर जालन्याहून इथवर एसटी आहे. पुढे सिंदखेडराजा. राजवाडा बघितला, मोती तलाव बघितला. "एवढ्या लांब आलोय तर बघूनच जाऊ," म्हणत मी आईला जिथे तिथे पायऱ्या चढवल्या. तिने एकदाच विचारलं, "तळ्यावर कवा पोचू माय?"

"चार वाजता," मी फोनमध्ये बघून म्हणाले.

दुसरबीडला आईचा मामेभाऊ राहतो. फक्त चहा घेऊ, असं मी आधीच बजावलं होतं. वऱ्हाडात हे वाक्य कुणी मनावर घेत नाही. चुलीत वांगी भाजून तयार होती.

"मामी, उशीर होतोय हो."

"काऊन? तळं का पळून चाललं?" मामी हसली. "तुमाले उपाशी लावून देलं तं लोकं काय म्हनतीन?"

मी आईकडे पाहिलं. भावाच्या घरी नाही म्हणणं तिच्या रक्तातच नाही. भरीत, भाकरी, ठेचा, वर दह्याची वाटी. मीही बोटं चाटत जेवले, खोटं कशाला बोलू? मग ओटी, मग शेजारच्या काकूंचा चहा.

लोणारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तरी गावातलं दैत्यसूदन मंदिर वाटेतच आहे म्हणून मी गाडी थांबवली. कोरीवकाम खरंच डोळे भरून बघण्यासारखं आहे. आत अंधार असतो, बॅटरी न्या. आई तिथल्याही पायऱ्या चढली, उतरली, आणि खांबाला टेकून उभी राहिली. ती दमली होती, आणि मी फोटो काढत होते.

मग एकदाची विवराची कड आली. उल्का पडून काळ्या दगडात झालेला हा खड्डा बघताना बोलणं थांबतं. जमिनीत मोठी परात दाबून काढावी तसा तो गोल, आणि तळाशी हिरवट पाणी. वाटेवरच्या चौकीदाराने हात आडवा केला.

"आता नका उतरू बाई, अंधार होऊन राह्यला. सकाळी या."

रात्री लोणारलाच खोली घेतली. सकाळी आईचा गुडघा टम्म फुगला होता. तरी आली. चार पायऱ्या उतरली आणि तिथेच बसली.

"जाय तू. मी बसतो इथं."

"नको, परत जाऊ दोघी."

"एवढ्या दूर आलो तं पाहूनच जाय," ती म्हणाली आणि डबी माझ्या हातात दिली. माझंच वाक्य. मला रडू आलं.

कडेला झऱ्याची धार पडते, तिच्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरलं की झाडी लागते. मोर दिसतात, आणि पाण्याचा कुजकट वास आधीच गाठतो. बूट घाला, काठाशी चिखल आहे. मी तळहातावर चिमूटभर हळद घेतली, वर तळ्याचं पाणी घातलं, बोटाने कालवलं. बघता बघता लालभडक!

"आई, अगं खरंच!" मी ओरडून मागे वळले. मागे झाडं होती. फोनला रेंज नव्हती.

धापा टाकत वर आले तोवर तळहातावर नुसता विटकरी डाग उरला होता.

"झाली लाल?"

"झाली."

तिने तळहाताकडे पाहिलंच नाही. माझ्या चेहऱ्याकडे मात्र बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चाल, चहा घेऊ."

म्हणून सांगते, लोणारमध्ये मुक्काम करा, साध्या खोल्या मिळतात. सोबत थकलेलं माणूस असेल तर सकाळी आधी तळं. बाकीचं राहिलं तर राहू द्या.

घरी आल्यावर मला चैन पडेना. कुठेसं वाचलं होतं, म्हणून पापडखार पाण्यात विरघळवला, त्यात हळद कालवली आणि वाटी आईपुढे धरली. "बघ, झालं कुंकू."

आई सोफ्यावर पाय लांब करून बसली होती. हसली. "पापडखारानं होते, हे काय मले माहीत नाही? पापड का तू लाटते घरी?"

"मग लहानपणीच का नाही दाखवलंस?"

"हळद कोनाले दाखवाची होती?" ती म्हणाली. "तळ्यावर तुह्यं तोंड पाह्यचं होतं मले."

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तळ्याच्या पायऱ्या आता विसरा, असं डॉक्टरांनी तिला सांगून टाकलंय.