कॉर्नरचे घर, मालकाकडून थेट

पाटी मी स्वतः लिहिली. ‘घर विकणे आहे. कॉर्नर. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्ची. मालकाशी थेट बोला. एजंटांनी फोन करू नये.’ खाली मोबाइल नंबर. माझी सगळी नोकरी वृत्तपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात गेली होती. पाच ओळींची पाटी चुकण्याचे कारण नव्हते. तरीही तिच्यात एक चूक होती, आणि ती सापडायला अडीच महिने लागले.

घर मुकुंदवाडीत, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. पत्नी पुण्यात होती. मुलीच्या बाळंतपणासाठी गेली ती तिथेच राहिली आणि हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागली. मुलीच्याच इमारतीत तळमजल्यावर एक छोटा फ्लॅट विकायला होता. त्याचा मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. मुकुंदवाडीचे घर त्याआधी विकले गेले तर तो फ्लॅट आम्हाला घेता येणार होता, नाही तर नाही. दुसरी तजवीज नव्हती.

एजंट नको हा निर्णय माझा. घराविषयी खोटे बोलले जाऊ नये, असे कारण मी दिले. पत्नीचे म्हणणे वेगळे होते. माझ्या कॉपीवर दुसऱ्या कुणी हात फिरवलेला मला खपत नाही, एवढेच कारण, असे ती म्हणाली.

पाटी लावल्यावर पहिल्या आठवड्यात आलेले बहुतेक फोन एजंटांचे होते. एकाला पाटीची शेवटची ओळ वाचली का, असे विचारले.

“वाचली ना काका. म्हणून तर एजंट म्हणून नाय, माणूस म्हणून फोन केला.”

हा माणूस पुढेही दर चार दिवसांनी फोन करीत राहिला.

घराची माहिती मी एका पानात लिहून तिच्या झेरॉक्स काढल्या. बांधकाम कोणत्या साली झाले, कोणत्या भिंतीला ओल येते, कोणती फरशी पोकळ वाजते, नळाला पाणी साधारण आठवड्यातून एकदा येते आणि ते कोणत्या वारी येईल हे सांगता येत नाही, हे सगळे त्यात होते. फोनवर पत्नीला वाचून दाखवले.

“तुम्ही घर विकताय का घराची बातमी लावताय?” ती म्हणाली. “ओल पहिल्या ओळीत? निदान तिसऱ्या परिच्छेदात तरी टाका.”

मी ती पहिल्याच ओळीत ठेवली.

लोक येऊ लागले. एका वहीत मी आलेल्यांची वेळ आणि त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न लिहीत असे. सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न: शेजारी कोण? उत्तर ठरलेले होते. दक्षिणेला मुसलमान कुटुंब; घरधनी लाकडाच्या फर्निचरचा कारागीर होता, त्याने आणि मी एकाच वर्षी घरे बांधली. त्यानंतर काही जण गच्ची न पाहताच जात. एका गृहस्थांना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आठवले की त्यांना एकाला भेटायचे आहे. वहीत मी तेवढेच लिहिले: तिसरी पायरी.

दिवसभर बसवत नव्हते. फाटकाची कडी वाजली की उठायचे, नाही वाजली तरी उठायचे. सामान खोक्यांत भरून झाले होते. चहाची गाळणी कोणत्या खोक्यात गेली ते आठवेना म्हणून तीन खोकी उघडली आणि पुन्हा बांधली. दुपारी टेप घेऊन खोल्या मोजल्या. त्या आदल्या आठवड्यातही मोजल्या होत्या. मापे बदलली नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटी एक जोडपे आले. तो शेंद्र्याच्या एका कंपनीत, ती करमाडच्या पुढच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. दोघांनाही जालना रोड सोयीचा. तिने शेजाऱ्यांविषयी काही विचारले नाही. सरळ अंगणातल्या नळापाशी गेली, वाकून तोटी पाहिली आणि विचारले, “काका, धार किती येते?”

“करंगळीएवढी. पण दोन तास.”

“लई झालं.”

तिसऱ्या भेटीत किंमत ठरली. त्यांनी कागदांच्या प्रती वकिलाला दाखवायला नेल्या. त्यांचा वकील वृत्तपत्रात जाहीर नोटीस देणार होता: अमुक मालमत्ता आमचे अशील खरेदी करीत आहेत, कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावे. अशा किती नोटिसांची प्रुफे माझ्या टेबलावरून गेली, याची मोजदाद नाही. या नोटिशीतही चूक राहू नये म्हणून मालमत्तेचे वर्णन मी स्वतः लिहून देतो म्हणालो.

सकाळी खरेदीखत समोर ठेवून लिहायला बसलो. प्लॉट क्रमांक आठ. मग चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना काय आहे ते. पूर्वेस रस्ता. पश्चिमेस दुसऱ्या गटाची जमीन. दक्षिणेस प्लॉट क्रमांक सात. उत्तरेस प्लॉट क्रमांक नऊ.

उत्तरेची खिडकी टेबलासमोरच होती. बाहेर कोणताही प्लॉट नव्हता. रस्ता होता. त्यावरून एक गॅसची गाडी चालली होती.

आठवायला मिनिटभरसुद्धा लागले नाही. तेच जास्त लाजिरवाणे.

ही सगळी जमीन एका शेतकऱ्याची होती. त्याने प्लॉट पाडले, मी आणि कारागिराने शेजारशेजारचे घेतले. कागदावर माझा आठ, त्यात एक कडुनिंब. कारागिराचा नऊ, कॉर्नरचा, बायकोच्या नावावर. पायाची आखणी करायला आम्ही एकाच सकाळी फक्की घेऊन गेलो होतो; त्याची बायकोही सोबत होती. कारागीर झाडाखाली उभा राहिला आणि म्हणाला, “भाईसाब, मेरेकू झाड होना. छाँव में बैठ के रंधा मारूंगा. तुम कोने का लेव.” कॉर्नरला तेव्हा कुणी विचारत नव्हते. चिकलठाण्याकडे जाणाऱ्या ट्रकची धूळ दोन बाजूंनी यायची. मला फरक पडत नव्हता. हो म्हणालो. कागद नंतर करू, असे ठरले. फक्की पडली, पाया खणला गेला, घरे उभी राहिली. पुढे वसाहत नियमित झाली, तेव्हा खासगी अभियंत्याने नकाशा कागदावरूनच काढला. जागेवर आला तो चहा पिऊन गेला.

लेखी आधार नाही म्हणून किती वार्ताहरांच्या बातम्या मी परत पाठवल्या असतील. स्वतः मात्र एका तोंडी शब्दावर घर बांधून राहिलो होतो.

कागदाप्रमाणे मी विकायला काढले होते ते शेजाऱ्यांचे घर. आणि मी राहत होतो ती जागा त्यांची होती. कारागीर चार वर्षांपूर्वी वारला होता. त्या सकाळच्या बोलण्याचे साक्षीदार आता दोघेच उरले होते: मी आणि त्याची बायको. दरम्यान जवळून मोठा रस्ता झाला होता आणि कॉर्नरला दुकान निघू शकते, हे आता सगळ्यांनाच कळत होते.

दोन दिवस कुणालाच सांगितले नाही. अंगणातून फाटकापर्यंत आणि परत. तिसऱ्या दिवशी माणूस म्हणून फोन करणाऱ्या एजंटाचा फोन आला आणि मी त्याला सांगून बसलो. तो जराही चकित झाला नाही.

“कागदावर आठ हाय ना काका? मग आठ विका. जागा दाखवली ती दाखवली. कोण मोजायला येतंय?”

“कागदावरचा आठ म्हणजे त्या बाईंचं घर आहे.”

“पण राहणार त्याच ना त्यात? त्यांना कळणार बी नाय.”

मी फोन ठेवला आणि चपला घालून शेजारी गेलो.

भाभी, म्हणजे कारागिराची बायको, ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मुलगा घरीच होता. त्याचे चिकलठाण्यात अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवण्याचे वर्कशॉप आहे. सुरुवातीपासून सगळे सांगितले, कागद दाखवला. भाभीने ताटातून हात काढला नाही.

“हौ, याद है ना मेरेकू,” ती म्हणाली. “तुमकू याद नहीं था क्या? इत्ते बड़े पेपर में काम करते थे.”

मुलाने कागद दोनदा वाचला. “अंकल, बुरा नको मानो. पर काग़ज़ पे तो कॉर्नर हमारा है.”

“आहे,” मी म्हणालो. ते खरेच होते.

“तो फिर कुछ सोचना पड़ेगा ना. आजकल कॉर्नर का—”

“झाड़ किदर है?” भाभीने मध्येच विचारले.

“कौनसा झाड़?”

“जिसके वास्ते तेरे अब्बा ने कोना छोड़े. ऊपर के कमरे के लिए तूने काटा. झाड़ खा के बैठा, अब कॉर्नर बी होना तेरेकू?”

मुलगा हसला नाही. तो आत गेला, पण दार लावले नाही. भाभीकडून होकारही अजून आला नव्हता. तांदळातला एक खडा तिने ओसरीखाली टाकला.

“सही मैं करूंगी,” ती म्हणाली. “पर पहले देखूंगी कौन आ रहा. तुम तो चले जाते पूना. रहना मेरेकू है.”

मग मी जोडप्याला फोन केला. चूक सांगितली. आधी शेजाऱ्यांशी अदलाबदलीचा दस्त होईल, त्याचा खर्च माझा, मगच विक्री. “वकिलाला विचारतो,” एवढेच नवरा म्हणाला. पुढचे चार दिवस फोन आला नाही. मी केला नाही. पत्नीलाही सांगितले. ती म्हणाली, “मी तेव्हाच म्हटलं होतं, कोपऱ्याला धूळ येते.” फ्लॅटच्या मालकाने दिवाळीचे पुन्हा विचारले होते, हे तिने शेवटी सांगितले.

पाचव्या दिवशी, रविवारी, ते दोघे आले. मी त्यांना घेऊन शेजारी गेलो. भाभीने त्यांचे आडनाव, जात, पगार यातले काहीच विचारले नाही. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

“नल कू मोटर लगाते क्या?”

हे समजण्यासाठी आमची पद्धत माहीत हवी. पाण्याची लाइन कॉर्नरवरून पुढे त्यांच्याकडे जाते. आम्ही नळाला मोटर लावली तर त्यांच्याकडे थेंब पोहोचत नाही. म्हणून पाणी आले की आधी आमची तोटी बंद राही. त्यांचा हौद भरला की भाभी मधल्या भिंतीवर दगडाने दोनदा ठोकी, मग आमची तोटी सुरू होई. हेही कुठे लिहिलेले नव्हते. माझ्या माहितीपत्रकातसुद्धा.

“मोटर तर सगळेच लावतात की,” नवरा म्हणाला.

भाभीने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे.

बायकोने नवऱ्याच्या दंडावर बोट टोचले. “तुम्ही गप बसा. चाची, माझ्या माहेरी टँकर यायचा. आईचा नंबर शेवटचा, कारण घर गावाच्या टोकाला. टाकीच्या तळाचा गाळ आमच्या हंड्यात. मला नका शिकवू टोकाच्या घराचं.”

“तो फिर?”

“तुमचा हौद आधी. पण दगड जोरात ठोका, मी गच्चीवर असले तर ऐकू येणार नाय.”

“गच्ची पे कायकू जाती? पानी के दिन नीचे रहने का.”

“व्हय, राहीन खाली. आणि मी शाळेत असले तर?”

“तो तेरी तोटी मैं खोलूंगी. चावी रखके जा.”

दोघी हसल्या. नवरा हसला नाही, पण चहा प्याला. आतून मुलाचा आवाज आला: “अम्मी, सही कब करना है वो पूछ लो.”

दिवाळीच्या आठवडाभर आधी नोंदणी कार्यालयात आमची दोन टोकन होती, एकामागोमाग. पहिला दस्त अदलाबदलीचा. भाभीने उर्दूत सही केली, अंगठा दिला. फोटो काढताना पदर डोक्यावर सारखा करायला तिने कॅमेरेवाल्याला थांबवले. जुन्या कागदांवर शहराचे जुने नाव होते, नव्यावर नवे. दस्तातली चतुःसीमा मी शब्दाशब्दाने वाचली. उत्तरेस रस्ता. ते दोन शब्द मी बोट ठेवून पुन्हा वाचले.

बाहेर बाकावर दुसऱ्या, विक्रीच्या टोकनची वाट पाहत बसलो. शिक्षिका वह्या तपासत होती. तिचा नवरा येरझारा घालत होता. आता तो, मी नाही.

“हो गया अब तुम्हारा कोना?” भाभीने विचारले.

“झाला.”

“मुबारक. कित्ती देर के लिए?”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. टोकन पुकारले गेले तेव्हा पुन्हा पाहिले. कॉर्नरचा प्लॉट कागदावर चाळीस मिनिटे माझा होता.