शिसं माझं, चूक आईच्या नावावर

मंडळी, दुपारपासून आईच्या नजरेला नजर देता येत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

दुर्बिणीच्या स्टँडला वजन हवं होतं. वाघोलीतल्या टायरवाल्याकडून चाकांच्या बॅलन्सिंगच्या वजनांचं भंगारातलं शिसं आणलं आणि सकाळी बाल्कनीत आयुष्यात पहिल्यांदाच वितळवून लगडी पाडल्या. भांडं घेतलं माळ्यावर पडलेलं, कल्हई उडालेलं पितळी पातेलं. शिशाचा थर बसून ते आतून चांदीसारखं चकाकायला लागलं. तसंच ओट्यावर ठेवून मी ऑफिसच्या कॉलला बसलो. अक्कल!

बाहेर आलो तर आई खूश. "कल्हई करून आणलीस होय रे? किती वर्षं म्हणत होते!" त्याच पातेल्यात चिंचगुळाची आमटी उकळत होती.

शिसं म्हणजे विष. नैवेद्याआधी आई चव घेत नाही, म्हणून वाचली. मी नैवेद्याचं विसरल्याचं दाखवत चाखल्यासारखं केलं, "खारट झालीये गं" म्हणालो आणि सगळी ओतून दिली. पातेलं लपवलं.

आई एवढंच म्हणाली, "वय झालं रे. हल्ली अंदाज चुकतो."

आता खरं कोणत्या तोंडाने सांगू? आत्ताच तिने भाजी फोडणीला टाकली आणि मिठाची बरणी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "तूच घाल."