कोपऱ्यातला अंगठा

दुपारी डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवूनच इंदुमती झेरॉक्स मशीनशेजारी स्टुलावर बसते, आणि बसल्या बसल्या पेंगायला लागते. मशीन चालू आहे, त्याची ऊब गालाला लागते आहे. आज शेवटचा कागद काढायचाच. उद्या चित्रं पुण्याला प्रदर्शनाला जायची आहेत.

चित्रं म्हणजे थोरल्या बहिणीचा, अक्काचा चेहरा. फोटोची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, मग तिचीही. दर खेपेला चेहरा थोडा विरतो. आता नुसते ठिपके उरलेत, आणि पुढच्या कागदावर तेही राहणार नाहीत. म्हणून तिचा हात बटणापाशी जाऊन परत येतो. भाचा तर तोंडावरच म्हणाला होता, "मावशी, आईला पुसू नका."

अक्का आत येते. पदर खोचलेला, कपाळावर घाम.

"इंदे, काम टाकून झोपलीस व्हय गं?"

"झोपले नाही. बटण दाबलं की तू जाशील, म्हणून बसलेय."

"मी जाऊन दोन वर्षं झाली की!"

इंदुमतीला हसू येतं. दोघी रंकाळ्याच्या काठावर पाय सोडून बसल्या आहेत. पाण्याखालून मशीनचा हिरवा उजेड सरकत जातो. अक्का पाण्यावर कागद दाबून धरते. मशीनचं झाकण मोडकं, त्यामुळे ती कायम असाच धरायची, आणि विळीवर कापलेला तिचा अंगठा हमखास कोपऱ्यात उमटायचा. असे किती कागद इंदुमतीनं चिडून चुरगाळले आहेत.

"अक्का, अंगठा काढ. नेमका माझ्या सहीच्या जागी ठेवतेस!"

"जन्मभर काढ काढच केलंस. आता नाही काढणार."

पाणी आटतं. माहेरच्या स्वयंपाकघरात चुलीवर मशीनची काच तापते आहे.

"पुढं काहीच दिसणार नाही गं," इंदुमती म्हणते. "मला भीती वाटते."

"सगळं घर नको म्हणत असताना हे धूड आणलंस, तवा भ्याली नाहीस. आणि आता भितीस? अर्ध्यात सोडलेलं मला कधी आवडलंय? दाब!"

इंदुमती दाबते.

जाग येते तेव्हा तिचे दोन्ही हात गालाखाली आहेत, मुंग्या आलेले. ट्रेमध्ये एक कागद पडला आहे. तो अजून गरम आहे. चेहऱ्याचा ठिपकाही नाही, सगळा पांढरा. फक्त उजव्या कोपऱ्यात काळा अंगठा, त्यावर तिरका वण.

तिला रडू कोसळतं. पोटभर रडून ती उठते, तोंड धुते आणि चित्रांवर एकेक करून सही करायला बसते. शेवटचा कागद समोर येतो. पेन कोपऱ्याशी नेऊन ती थांबते, टोपण लावते आणि कागद तसाच गठ्ठ्यात ठेवते.