उजेड यायलाय बरं का

सुजाता मॅडम बाळाच्या डोळ्यांवर बॅटरी मारण्याआधी त्याला सांगायच्या, "उजेड यायलाय बरं का, बाळा!" काचेच्या पेटीतला मूठभर जीव, नाकात नळी, त्याला काय कळणार? पण मुखेडकडच्या या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई न सांगता कुणाच्या डोळ्यांत बॅटरी मारत नसत. "तुम्ही झोपलाव अन् कुणी तोंडावर उजेड मारला, तर शिव्या द्याल का न्हाई?" असं वर आम्हालाच विचारायच्या.

माझी लेक फार लवकर जन्मली. लातूरच्या दवाखान्यात आणली तेव्हा तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिला दिसेल का, एवढंच मला विचारायचं होतं आणि तेच विचारवत नव्हतं. मॅडम रोज सकाळी बॅटरी मारायच्या, पण डोळ्यातली बाहुली जराही आकसत नव्हती.

"आगं, इतक्या लवकर आलेल्या लेकराची बाहुली उशिरा जागी होती," त्या म्हणाल्या. "मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती हाय, ते मी लपवत न्हाई. म्हणून तर रोज बघायलेय. पण आजच रडून मोकळी होऊ नको."

खोटा धीर त्यांनी कधी दिला नाही, म्हणून दिला तेवढा मला पुरला. औशाहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी नजर चांगली व्हावी म्हणून काजळाची डबी काढली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मामी, ते तुम्ही घाला. लई छान दिसाल." सासूबाई अशा लाजल्या की डबी पुन्हा बाहेर आलीच नाही.

मग एका सकाळी बॅटरी लागली आणि बाहुली हळूच आकसली. मॅडमनी मला जवळ ओढून पुन्हा दाखवलं. "जागी झाली बघ! नजर किती, ते पुढं कळंल. पण उजेड पोचला." मी तिथेच रडले. त्यांनी रडू दिलं.

लेक आता शाळेत जाते. जाड चष्मा आहे, डावा पाय जरा ओढते, तोंड मात्र अखंड चालू. बॅटरीची गोष्ट तिला पाठ आहे.

परवा मॅडमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा नर्स पट्टी काढायला आली होती. जन्मभर दुसऱ्यांचे डोळे बघितलेल्या मॅडम खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. लेक त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, उजेड यायलाय बरं का!"

पट्टी निघाली. मॅडमनी डोळ्यांची उघडझाप केली आणि समोरच्या चष्म्याकडे बघत राहिल्या.

"दिसायलीस गं बाळा," एवढंच म्हणाल्या.